झोपाळ्याची कडी

मुलगी आडदिवशी बॅग घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा आमच्या वरोरच्या गल्लीने ठरवून टाकलं की हिला नोकरीवरून काढलं. ती हवाई दलात आहे, नव्या वैमानिकांना उडायला शिकवते. सणालाही जिला रजा मिळत नाही ती अशी मध्येच आली, तर लोकांनी दुसरं काय समजायचं? बाजूच्या काकूंनी वाळत घातलेले बोंबील परतता परतता विचारलंच.

"काय गो बाय, नोकरी सोडलीस काय?"

"नाही काकू. आमची विमानं सध्या उडत नाहीत."

"मंग दुरुस्त कराची ना!"

"तेच चाललंय," ती म्हणाली आणि हसली.

खरा प्रकार तिने घरात सांगितला. सरावाच्या एका जुन्या विमानात, पंख जिथे धडाला जोडलेला असतो त्या जोडाला केसाएवढा तडा सापडला होता. एकात सापडला म्हणून त्या जातीची सगळी विमानं जमिनीवर ठेवली होती. प्रत्येकाचा तो भाग उघडायचा, तपासायचा, लागेल तिथे नवा जोड बसवायचा, मगच उडवायचं. तोवर शिकवणाऱ्यांना आळीपाळीने रजा.

मी डायकाम करतो. सोन्याच्या पत्र्यावर नक्षी उठवायचे पोलादी साचे म्हणजे डाय. आमच्या पट्ट्यात घरोघर हे काम चालतं. ठोकळ्यावर नक्षी कोरायची, मग तो तापवून पाणी द्यायचं, म्हणजे पोलाद कडक होतं. पाणी देतानाच कधी कधी तडा जातो, आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून डाय घासलेटात बुडवायची, कोरडी पुसायची आणि वर खडूची पूड भुरभुरायची. तडा असला तर आत शिरलेलं घासलेट हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या पुडीत ओली रेघ उमटते. रेघ दिसली की विषय संपला. तडकलेली डाय मी कधी सांधत नाही. वेल्डिंग मारलं तर ती शेजारीच दुसरीकडे तडकते. अशा दोन-तीन डाय माझ्याकडे दाराला टेकण म्हणून पडल्या आहेत.

त्यामुळे 'दुरुस्त केलेलं विमान' हे शब्द माझ्या घशाखाली उतरेनात. सरळच लिहितो, मला भीती वाटत होती. तिने परत जाऊ नये, गेलीच तर त्या विमानात बसू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण जी दुसऱ्यांच्या मुलांना आकाशात नेऊन सुखरूप खाली आणते, तिला हे सांगायचं कुठल्या तोंडाने? मी आपला आडून आडून बोलायचो.

"नवीन विमानं का नाय घेत?"

"येतील तेव्हा येतील, बाबा."

"तोवर?"

"तोवर हीच."

बायको मात्र निवांत होती. तिचं म्हणणं, विमानातलं पोरीला जास्त कळतं की तुमाला?

हात रिकामे असले की आमची मुलगी तपासण्या काढते. आधी शिडी पाहिली, मग पंपाची वायर, मग माझ्या स्कूटरचे ब्रेक. हे सगळं मी चालवून घेतलं. मग तिची नजर पडवीतल्या झोपाळ्यावर गेली. तो माझ्या वडिलांनी टांगलेला. जेवणं उरकली की बायको एक पाय जमिनीला टेकवून त्यावर बसते आणि सुपात सुका जवळा निवडते. मुलगी स्टुलावर चढली, तुळईतल्या कड्या बॅटरीने पाहिल्या, आणि खाली उतरून म्हणाली, "बाबा, घासलेट कुठे आहे?"

झोपाळा उतरवला, कड्या काढल्या. डावीकडच्या कडीच्या वाकणात, आतल्या अंगाला, खडूत रेघ उमटली. आम्ही तिघं त्या रेघेकडे बघत उभे राहिलो.

"काय होत नाय," मी म्हणालो. "माझ्या लग्नाच्या आधीपासून हाय ती. इतकी वर्षं काय झालं नाय."

"इतकी वर्षं झाली म्हणूनच."

"बरं, मंग डहाणूवरून वेल्डिंग मारून आणतो."

बोलून गेलो आणि स्वतःच थबकलो. डायला वेल्डिंग लावू न देणारा मी, बायको बसते त्या कडीला लावायला निघालो होतो! मुलगी इतकी हसली की तिला बसावं लागलं, आणि झोपाळा नसल्यामुळे जमिनीवर बसावं लागलं.

मग मी नव्या कड्या केल्या. रेघ एकीतच दिसली होती, पण दुसरीनेही तेवढाच भार सोसला होता, म्हणून तीही बदलायची असं मुलीने ठरवलं. मला पटलं, पण तसं मी म्हणालो नाही. जाड सळई घेतली, तापवून सावकाश गोल वाकवली, कुठे कोन येऊ दिला नाही. कानशीचे ओरखडेसुद्धा घासून काढले, कारण तडा अशाच एखाद्या ओरखड्यापासून सुरू होतो. सोन्याच्या व्यापाऱ्याच्या कामालाही मी एवढं घासत नाही. तोवर बायको पडवीत जमिनीवर बसून जवळा निवडत होती आणि आम्हा दोघांचा उद्धार करत होती.

कड्या बसवल्या, झोपाळा टांगला. माझा बेत असा होता की वेवजी गावच्या मेहुण्याने पाठवलेलं भाताचं पोतं आधी त्यावर ठेवायचं, मग मी बसायचं, मग बाकीचे. मी पोतं आणायला वळलो तेवढ्यात बायको सूप घेऊन आली आणि बसली. वर बघितलंसुद्धा नाही.

"अगो थांब!"

"का? तुमीच केलीय ना?" ती म्हणाली आणि पायाने रेटा दिला.

मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. झोपाळा जाई, येई, आणि माझी नजर कडीवर. माझ्या कामाची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. हातातली डाय अर्धवट पडून होती, पण मी जागचा हललो नाही. शेवटी मुलगी चहा घेऊन आली आणि माझ्या बाजूला उभी राहिली.

"तिकडेही एक जण असाच उभा असतो," ती म्हणाली.

"कोण?"

"विमानाचं काम ज्याने केलेलं असतं तो. पहिल्यांदा ते वर गेलं की खाली उतरेपर्यंत घरी जात नाही. ड्युटी संपली तरी."

इतके दिवस मी त्या तड्याचा विचार केला होता, मुलीचा केला होता. हा माणूस माझ्या मनातही आला नव्हता. तो कुठला, कसा दिसतो, मला आजही ठाऊक नाही.

रजा संपली, तेव्हा डहाणू स्टेशनवर तिची बॅग मीच उचलली. जाऊ नकोस हे म्हणायचं राहिलं ते राहिलंच. भीती गेली होती असं मात्र नाही. गाडी सुटताना मी फक्त "नीट जा" म्हणालो.

पुढे एका सकाळी तिचा मेसेज आला की विमान तयार झालं, आज ती ते घेऊन वर जाणार. मी कामाला बसलो. एका फुलाची एक पाकळी कोरून झाली, दुसरी बिघडली, मग अवजारं बाजूला ठेवली. बायकोने जेवायला दोनदा हाक मारली आणि नाद सोडून स्वतः जेवून झोपाळ्यावर जाऊन बसली. दुपार कलल्यावर फोन वाजला.

"बाबा, उतरले," मुलगी म्हणाली.

मला खूप काही विचारायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच. "तो माणूस गेला काय घरी?"



"आत्ताच निघाला," ती म्हणाली. "तुम्हीही जेवून घ्या आता."