दुसरी सुई

“काच खोटं बोलत नाही,” असं आमच्या डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढून गंभीरपणे सांगत. आणि लगेच तीच काच पुन्हा खाली सरकवून बघत.

लोणावळ्यातल्या त्यांच्या लॅबमध्ये मी तंत्रज्ञ होतो. गाठीतून सुईने काढलेला थेंब काचेवर पसरून रंगवणं माझं काम. त्यात काय आहे ते सांगणं त्यांचं. असं काम धीट माणसं करतात, अशी तुमची समजूत असेल. कठीण काच आली की बाईंचा डबा न उघडता घरी जायचा.

वडिवळ्याची एक मावशी आली. छातीत गाठ. सर्जननं सोमवारी स्तन काढायचं ठरवलंच होतं, फक्त आमचा रिपोर्ट हवा होता. बाई काचेवरून नजर काढेनात.

“स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी बहुतेक घोळक्यानं असतात. या सगळ्या सुट्या आहेत रे. लिंफोमा वाटतोय.”

म्हणजे कॅन्सरच, पण रक्ताच्या कुळातला. त्यावर औषधं देतात. स्तन सहसा काढत नाहीत.

“वाटतोय, की आहे?” मी विचारलं.

“तेच तर. चुकले तर?” त्यांनी काच पुन्हा खाली सरकवली.

खात्रीसाठी पुण्याला नमुना पाठवायचा, म्हणजे पुन्हा सुई. मावशीनं पदर घट्ट ओढला.

“न्हाई! गाठीला फिरून सुई लागली की ती अंगभर पसरती. आमच्याकडं समद्यांना ठावं हाय.”

“नाही पसरत, मावशी,” बाई म्हणाल्या.

“तुमाला भ्या न्हाई, म्हून बोलता.”

“आहे ना. सोमवारी तुमचं उगाच कापलं तर, याचं.”

“डाक्टर आसून भेता व्हय?”

“रोज.”

मावशीनं पदर सोडला आणि ती आडवी झाली. सुई शिरली तेव्हा तिनं माझं मनगट असं आवळलं, की ओरडायचं कुणी हेच ठरेना.

बाईंनी सर्जनला फोन करून ऑपरेशन थांबवलं. “नुसत्या वाटण्यावर?” तो तडकला. “हो,” म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पुढे पुण्याचं उत्तर येईपर्यंत फोन वाजला की त्या दचकायच्या.

लिंफोमाच निघाला. ऑपरेशन रद्द झालं.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. शोकसभेत वक्त्यांनी त्यांना दीपस्तंभ केलं, माऊली केलं, निर्भय योद्धाही केलं. शेवटी कुणीतरी बऱ्या झालेल्या मावशीच्या हाती माईक दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

“बाईनी भेत भेत सुई टोचली,” ती म्हणाली. “लय दुखलं.”

आणि खाली बसली.