बकरीच्या बदल्यात गाणं

मी मानोऱ्याच्या बाजारातला बैलांचा दलाल. आयुष्यात मला एकदाच कुणी फसवलं, ते जवळच्या बंजारा तांड्यावरच्या झमकूबाईनं. सगळा तांडा तिला याडी म्हणे. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. दंडभर पांढरे चुडे, ओठांत विडी, आणि गुरांच्या साऱ्या दुखण्यांवरची औषधं जिभेवर.

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. पोट फुगून आडवा झालेला माझा बैल तिनं घटकाभरात उभा केला. मी म्हणालो, "याडी, हे औषध मले इक."

"दुभती बकरी दे."

तासभर घासाघीस केली. याडी तसूभर हलली नाही. शेवटी बकरी बांधली तिच्या दारात, तर याडी गायलाच लागली!

"गाणं कायले? औषध सांग!" मी ओरडलो.

"औषध गाण्यातच हाय. आन् एक ओळ सुटी देत नाही मी. बैल घेतो तं नुसतं शेपूट घेतो काय, शेट?"

उन्हाळाभर तिच्या दारातल्या कडुलिंबाखाली बसून मी ते लांबलचक गाणं घोकलं. खूर सुजला तर कोणता पाला, डोळ्यात फूल पडलं तर कोणतं मूळ, सगळं तिच्याच बोलीत. शब्द चुकला की ती लिंबोळी फेकून मारी. "मराठीत सांग ना," म्हटलं, तर म्हणे, "मराठीत पाह्यजे तं दवाखान्यात जाय!"

पोटफुगी आली अगदी शेवटच्या ओळीत. औषध काय, तर गोड्या तेलात ओवा! माझ्याच बायकोच्या डब्यातला ओवा!

मी तणतणत बकरी सोडायला गेलो. याडी पोट धरून हसली.

"बस, शेट. आमच्या पोराईले फुकट शिकवलं. ते शाळेत गेले, आपल्या बोलीले लाजले, इसरले. शहरातला साहेब आला, यंत्रात गाणं भरून घेऊन गेला, पुन्हा तोंड दाखवलं नाही त्यानं. फुकटचं कोणी सांभाळत नाही. तुही बकरी गेली. तू मरेपर्यंत इसरत नाही."

बकरी मिळाली नाहीच.

याडी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तांड्यात गाय आजारी पडली की तिथल्या सुना माझ्या ओसरीवर येतात, आणि मी त्यांचंच गाणं त्यांच्याच बोलीत त्यांना शिकवतो. चुकल्या की लिंबोळी मारतो. फुकट मात्र नाही. आधी बकरी मागतो, तासभर भांडतो, आणि एका अंड्यावर सौदा पटवतो.

बकरी देऊन घेतलेला माल मी अंड्याला विकून राह्यलो. हा तोटा कोण भरून देणार? याडी, जवाब दे!