ओल्या भिंतीवरचा फोम

मागच्या ऑक्टोबरमध्ये रोह्यातल्या आमच्या जुन्या घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला आतून उष्णता अडवणारा फोम मारून घेतला. दुपारी ती इतकी तापायची की खोलीत एसीचाही उपयोग होत नसे. कामाला कंत्राटदाराबरोबर गडब गावचा एक चाळिशीतला माणूस आला होता. त्याचं नाव मी विचारलं नाही.

फवारणीचं यंत्र सुरू करण्याआधी तो ताप बघावा तसा हाताची मागची बाजू भिंतीला लावत फिरला. खिडकीखाली थांबला.

"काका, हितं ओल हाय. बाहेरून पाणी मुरतंय. आधी बाहेरून गिलावा करा, महिनाभर सुकू द्या. आता फोम मारला तर ओल आतच कोंडंल."

कंत्राटदार दारातून हसला. "आला भिंतीचा डॉक्टर! आटप, तिकडं डोलवीला दुसरं काम पडलंय."

कामगार माझ्याकडेच बघत होता. "तुमी सांगा, काका. घर तुमचं हाय."

चार दिवसांनी मुलीच्या सासरची माणसं येणार होती. मी म्हणालो, "मारून टाका."

त्याने मास्क चढवला आणि संध्याकाळपर्यंत काम उरकलं.

जुलैत खिडकीखालचा फोम भिंतीपासून सुटला. मागे काळी बुरशी होती. मी कंत्राटदाराला लेखी तक्रार दिली. कारण लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा.

दुरुस्तीला दुसरा माणूस आला. मी आधीच्याची चौकशी केली.

"त्याला काढला," तो म्हणाला. "तुमचा कागद शेटनी सगळ्यांसमोर वाचला. त्यानं मास्क काढून ठेवला नि गेला."

तक्रार मी अजून मागे घेतलेली नाही.