दुधावरची जाळी

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. शेतातलं फारसं जमत नाही, हिशेबात डोकं चालत नाही, मग उरलं काय, तर तोंड. बारसं असो की साखरपुडा, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच, "काका, ती पदराची सांगा ना." मी आधी आढेवेढे घेतो, मग घसा साफ करतो आणि सांगतो. आमच्या पहिल्या पल्परमध्ये, म्हणजे टोमॅटोचा लगदा करायच्या मशीनमध्ये, वहिनींचा पदर कसा अडकला, पदराबरोबर हात कसा ओढला गेला, दोन बोटांवर कसं निभावलं. मशीन बंद करायला धावताना मी टोमॅटोच्या चिखलात कसा आडवा झालो, हेही हावभावांसकट सांगतो. तिथं सगळे हसतात. वहिनी दाराशी बसून लसूण सोलत असतात, उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी. त्या हसत नाहीत. अडवतही नाहीत.

गोष्टीत सगळं खरं आहे. फक्त पदर सोडून.

यंदा आमच्या वारूळवाडीच्या शेडमध्ये टोमॅटो पल्पची नवी लाइन बसली. एका टोकाला टोमॅटो धुवायचे, पट्ट्यावरून ते पल्परमध्ये जायचे, दुसऱ्या टोकाला लगदा गरम होऊन पिशवीत. ती चालू करून द्यायला कंपनीचा इंजिनियर आला होता, हसरा, पण हातातली तपासणीची यादी न सोडणारा. पहिल्या दिवशी टोमॅटो नाहीत, नुसतं पाणी फिरवून बघायचं.

नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं, इंजिनियरनं बटण दाबलं. पट्टा ढिम्म हलेना. त्यानं पॅनल उघडलं, वायरी तपासल्या, घाम पुसला. तासाभरानं पट्ट्याच्या कडेच्या एका काळ्या डबीसमोर वाकला आणि खिशातला रुमाल काढून ती पुसली. पट्टा सुरू झाला.

"काका, हा मशीनचा डोळा आहे. टोमॅटो आलाय की नाही, हे यानं बघायचं. आणि तुम्ही नेमकं याच्यावरच कुंकू थापलंय."

शेड हसून दणाणली. सगळ्यात मोठ्यानं हसली माझी बायको. "आता ही गोष्ट पण सांगा हं पुढच्या बारशाला!"

मीही हसलो. मशीनचे डोळे झाकण्यात आपला हात जुनाच आहे, हे मात्र मनातल्या मनात म्हणालो.

जुन्या पल्परच्या तोंडावर लोखंडी सळ्यांची गोल जाळी होती, चार बोल्टांनी बसवलेली. हात आत जाणार नाही एवढ्याच फटी. त्यामुळे टोमॅटोच्या फोडी करून टाकाव्या लागत, अख्खा टाकला की वरच अडके. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात माल इतका आला की शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. क्रेटमधून रस गळायला लागला होता. मी पाना घेतला आणि म्हणालो, "हे झाकण सारखं मधे येतंय." कुणाला विचारलं नाही. चार बोल्ट खिशात, जाळी भिंतीला टेकवून ठेवली. काम दुप्पट वेगानं सुरू झालं. दुपारपर्यंत मी स्वतःवर लई खूश होतो. दुपारनंतर वहिनींनी अडलेला टोमॅटो हातानं खाली लोटला.

टोमॅटोत रक्त दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तो सगळा लगदा आम्ही ओढ्याकडच्या बांधावर नेऊन ओतला. पुढच्या वर्षी तिथं न पेरता रोपं उगवली, लालभडक लगडली. कुणी तोडली नाहीत. पाखरांनी खाल्ली.

दवाखान्यात कुणीतरी विचारलं, "पदर अडकला का हो?" आणि मी म्हणालो, "हो." एवढंच. पुढची गोष्ट आपोआप रचली गेली.

पण वहिनी दवाखान्यातून आल्या त्याच आठवड्यात ती जाळी मला स्वयंपाकघरात दिसली. दुधाच्या पातेल्यावर, मांजरीनं तोंड घालू नये म्हणून झाकलेली. गोल, अगदी मापात बसलेली. तेव्हापासून रोज सकाळी वहिनी ती जाळी उचलतात, दूध काढतात आणि चहाचा कप माझ्यासमोर ठेवतात. त्यांनी ती मुद्दाम आणली की शेडमधलं एक कामाचं लोखंड म्हणून उचलली, हे विचारायची माझी छाती झाली नाही. चहा मात्र मी कधी सोडला नाही.

तर, नवं मशीन. पट्टा फिरू लागला, पल्पर घुमू लागला. दुसऱ्या टोकाला स्वच्छ पाणी येत होतं, तरी मी वाकून वाकून त्याचा रंग बघत होतो. तेवढ्यात इंजिनियरनं पल्परचं झाकण जरासं उचललं आणि अख्खं मशीन जागच्या जागी थांबलं. झाकण लावून हिरवं बटण दाबेपर्यंत पुन्हा सुरू होत नाही, असं तो म्हणाला.

"म्हणजे दर वेळी थांबणार?" मी म्हणालो. "अहो, हे झाकण सारखं मधे येईल."

वाक्य तोंडातून गेलं आणि मग माझं मलाच ऐकू आलं. तेच शब्द, तोच मी. मागं वळून बघितलं तर वहिनी पाण्याच्या पाइपाशी उभ्या होत्या.

इंजिनियर हसला. "सगळीकडे हेच म्हणतात. पण काका, तुम्हीच सकाळी सांगितलंत ना ताईंची गोष्ट." मग त्यांच्याकडे वळून, "ताई, तुम्ही मशीनवर थांबणार असाल तर पदर घट्ट खोचा, वरून ॲप्रन घाला. एकदा पदरानं दगा दिलाय तुम्हाला."

"व्हय," वहिनी म्हणाल्या आणि पदर खोचू लागल्या.

हे त्यांचं नेहमीचंच. घरात मिक्सर लावतानाही त्या पदर खोचतात, आणि नातवंडं त्यावरून चिडवतात. चिडवायला मीच शिकवलंय. तीन बोटांनी त्या पदराची एकेक घडी आत सारत होत्या, निमूटपणे, जणू गुन्हा खरंच त्या कापडाचाच होता.

"पदर नव्हता," मी म्हणालो.

"काय?" इंजिनियर.

"जुन्या मशीनला जाळी होती. मी काढली होती. काम उरकावं म्हणून. पदराचा काही संबंध नव्हता."

माझी बायको माझ्याकडे बघत राहिली. एरवी मी बोललो की काय करायचं हे सगळ्यांना माहीत असतं, हसायचं असतं. इंजिनियर यादीत डोकं घालून बसला.

वहिनी पुढं आल्या. "पावणं, चालू करा मशीन. मला बघू द्या."

त्यानं बटण दाबलं. वहिनींनी झाकण उचललं. मशीन थांबलं. पुन्हा लावलं, पुन्हा सुरू, पुन्हा उचललं. सात-आठ वेळा. इंजिनियर म्हणाला, "ताई, बरोबर चालतंय, तपासलंय मी." त्या थांबल्या नाहीत. दर वेळी आवाज तुटला की जी शांतता पसरायची, तिच्यात त्या कान देऊन उभ्या राहायच्या. त्या दिवशी मी मशीन बंद करायला धावलो तेव्हा ते किती वेळ फिरत राहिलं होतं, ते आम्हा दोघांनाच ठाऊक.

घरी येताना बांधावरून त्या पुढं, मी मागं.

"वहिनी, तुम्ही एवढ्या वर्षांत एकदाही अडवलं नाहीत मला."

"तुमी सवताहून कवा थांबताय त्ये बघत व्हते, भावजी."

"आणि नसतो थांबलो तर?"

त्यांनी खोचलेला पदर सैल केला आणि झपाझप पुढं निघाल्या.

घरी त्यांनी चहा टाकला. पातेल्यावरची जाळी उचलून ओट्यावर ठेवली. सळ्या घासून घासून पांढऱ्या पडल्या आहेत. बोल्टांची चार भोकं अजून तशीच.

"काढून टाकू का ही आता?" मी विचारलं. "नवं झाकण आणतो."

"ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाल्या आणि कप माझ्यापुढं सरकवला. "मांजर हाय अजून."