आरोलकरांच्या परसातले माड

मनोहर आरोलकरांच्या घराचा पत्ता कोणी विचारला, तर त्यांची बायको सुवर्णा फोनवर एवढंच सांगायची, "गल्लीत शिरा आणि वर बघा. जे झाड इथं असायला नको असं वाटेल, त्याच्या खालचं घर आमचं."

ते झाड म्हणजे मेक्सिकन फॅन पाम. सरळसोट खोड, वर पंख्यासारख्या पानांचा झुबका, छपराच्याही वर गेलेला. मुलगी अनया हायस्कूलला गेली त्या वर्षी मनोहररावांनी तो गुडघ्याएवढा आणून परसात लावला होता. नर्सरीतला म्हातारा म्हणाला होता, डॅलसकडचा हिवाळा याला बहुतेक वर्षं सोसतो, पण एखाद्या वर्षाचं मी काही सांगत नाही. मनोहररावांनी पहिला भाग ऐकला आणि दुसरा सोडून दिला.

पुढे त्याच्या सोबतीला आणखी तिघे आले. खोडाभोवती काथ्या गुंडाळल्यासारखे दिसणारे दोन बुटके विंडमिल पाम, आणि निळसर झावळ्यांचा एक पिंडो पाम. मनोहरराव वेंगुर्ल्याचे, ते सगळ्यांना सरसकट माड म्हणायचे. सुवर्णा नागपूरची. तिला ते पटायचं नाही.

"नारळ लागत नाही त्याला माड कसं म्हणता तुम्ही?"

"म्हणायला काय जातं?"

"मग मी तुम्हाला कलेक्टर म्हणू का?"

मनोहरराव एका इन्शुरन्स कंपनीत डेटाबेस सांभाळायचे. काम असं, की सगळं सुरळीत चाललं तर कोणाला त्यांची आठवण येत नसे. परसातलं काम मात्र दिसणारं होतं. थंडीची लाट येणार म्हटलं की ते शिडी काढायचे, झावळ्या एकत्र ओढून दोरीने बांधायचे, भोवती पांढरं कापड गुंडाळायचे आणि आत बारीक दिव्यांच्या माळा सोडायचे. या माळा जुन्या पद्धतीच्या लागत, तापणाऱ्या. एलईडी नुसता उजेड देतो, ऊब देत नाही. ओक्लाहोमा, टेनेसी अशा भलत्याच ठिकाणी पाम जगवणाऱ्या माणसांचा इंटरनेटवर एक गट होता. ही विद्या त्यांनी तिथून उचलली होती. नाताळ उलटून गेला तरी माळा मार्चपर्यंत लागलेल्या असत. आपण फार भाविक ख्रिश्चन आहोत असं शेजाऱ्यांना वाटतं, असं सुवर्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

ती मिडल स्कूलमध्ये गणित शिकवायची. वर्गात बोलता बोलता धाप लागते म्हणून डॉक्टरांकडे गेली, आणि तपासण्यांत कळलं की फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. कशामुळे ते कळलं नाही. थांबवता येत नाही, फक्त वेग कमी करता येतो, असं डॉक्टर म्हणाले. वर्षभरात नोकरी सुटली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं आणि त्याची लांबलचक नळी तिच्या मागे खोल्याखोल्यांतून फिरू लागली. दिवसभर मशीन घरघरायचं. आवाज थांबला की मनोहरराव दचकत.

मग कोविड आला आणि घराचं दार बंदच झालं. किराणा दारात ठेवून जाणारा प्रथमेश तेवढा लांबून हात हलवायचा. हा पुण्याचा मुलगा मनोहररावांच्या ऑफिसात होता, बायको रुचा आणि लहान मुलीबरोबर चार रस्ते पलीकडे राहायचा. सुवर्णाने त्याला पहिल्या भेटीतच अरे-तुरे करून आपलं केलं होतं.

दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीत हवामानवाले तापमानाच्या वेगळ्याच आकड्यांविषयी बोलू लागले. पामवाल्यांच्या गटावर एकजण लिहून गेला, डॅलसवाल्यांनो, आपल्या झाडांचा निरोप घ्या. मनोहररावांनी ते सुवर्णाला वाचून दाखवलं नाही. त्यांनी प्रथमेशला बोलावलं आणि दोघांनी शनिवारभर खपून चारी झाडं गुंडाळली. उंच पामाच्या शेंड्याला शिडी पुरत नव्हती. प्रथमेश शिडीच्या शेवटून दुसऱ्या पायरीवर उभा राहिला आणि माळ काठीने वर सारत राहिला.

"काका, याच्या वर नाही जात यार."

"असू दे. उतर तू आता."

वीज गेली तर माळांसाठी म्हणून मनोहररावांनी दोन वर्षांपूर्वी एक छोटा जनरेटर घेऊन ठेवला होता. त्यात पेट्रोल भरलं, एक कॅन जादा ठेवला. रविवारी बर्फ पडला. सुवर्णा काचेजवळ खुर्ची घेऊन बसली. गुंडाळलेली झाडं आतून पिवळी दिसत होती. "छान दिसून राहिले," ती म्हणाली. तिने तसं म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

सोमवारी उजाडायच्या सुमारास वीज गेली.

मशीनने बारीक शिटी वाजवली. मनोहररावांनी घाईघाईने सिलिंडर जोडला. तो काही तासांचाच. मग जनरेटर परसदारी बर्फात ओढत नेला, कारण त्याचा धूर घरात आला तर माणसं झोपेतच जातात. दोरी ओढली, तो सुरू झाला. माळांची वायर हातात होती. मशीन आणि माळा, दोन्ही चाललं असतं. पण पेट्रोल निम्म्या वेळात संपलं असतं. त्यांनी वायर खाली टाकली आणि मशीनची लांब वायर दाराच्या फटीतून आत घेतली.

"झाडांचं?" सुवर्णाने विचारलं.

"राहू दे."

दुपारपर्यंत घरात श्वासाची वाफ दिसू लागली. वीज थोड्या वेळात येईल असं कंपनी सांगत होती, मग तेही सांगेनाशी झाली. मनोहरराव गाडी काढून रांगत रांगत पेट्रोलपंपावर गेले. पंपालाही वीज नव्हती. दुसऱ्या पंपावर पेट्रोल नव्हतं. घरी येऊन त्यांनी ऑक्सिजन पुरवणाऱ्यांना फोन लावला. तिकडून नुसतं संगीत वाजत राहिलं. फोन स्पीकरवर ठेवून ते त्याच्यासमोर बसले. ब्लँकेटं, रजया, दोन कोट यांच्या ढिगातून सुवर्णाचं फक्त तोंड दिसत होतं.

शेवटी त्यांनी आणीबाणीचा नंबर, ९११, लावला. पलीकडची बाई शांत होती. रस्त्यांवर गाड्या घसरून पडल्यात, अँब्युलन्स पाठवते, पण कधी पोचेल ते सांगू शकत नाही, म्हणाली. पेशंट आत्ता श्वास घेतेय ना? मनोहररावांनी सुवर्णाकडे पाहिलं. घेतेय, म्हणाले.

अनया शिकागोहून मिनिटामिनिटाला फोन करत होती. डॅलसचा विमानतळ बंद होता. "बाबा, प्लीज, डू समथिंग," ती म्हणाली, आणि मग तीच म्हणाली, "सॉरी. आय नो यू आर." सगळं आयुष्य मनोहररावांनी बंद पडलेल्या गोष्टी चालू करण्यात घालवलं होतं. आता जादा पेट्रोलही जनरेटरमध्ये ओतून झालं होतं आणि हातात एक रिकामा कॅन होता.

अंधारून आलं तरी अँब्युलन्सचा पत्ता नव्हता, तेवढ्यात प्रथमेशचा फोन आला. त्यांची गल्ली हॉस्पिटलच्या, न तोडायच्या लाइनवर असावी, त्यांच्याकडे वीज होती. "काका, काकूंना घेऊन येतो मी. रुचाने खोली रिकामी केली."

"अरे, तुझ्याकडे लहान मूल. आणि हिला तुमच्याकडून काही झालं तर?"

"आम्ही मास्क लावून राहू. तुम्ही तयार राहा फक्त."

मनोहररावांनी पुन्हा एकदा नाही म्हणायला तोंड उघडलं. सुवर्णाने नाकातली नळी सारखी केली आणि त्यांच्याऐवजी फोनमध्ये सांगितलं, "ये रे बाबा. हे विचार करत बसतील आणि मी गार होईन."

चार रस्त्यांचं अंतर जायला पाऊण तास लागला. मागच्या सीटवर उरलेला सिलिंडर मांडीवर धरून मनोहरराव बसले होते. निघताना त्यांनी परसाकडे पाहिलं नाही. मंगळवारी पहाटे तापमान शून्याखाली एकोणीस अंशांवर गेलं. प्रथमेशच्या घरात मशीन घरघरत होतं. दाराबाहेर रुचाने वरणभाताची ताटं ठेवली होती आणि तिची मुलगी दारापलीकडून आजी-आजी अशी हाक मारत होती. सुवर्णाला उत्तर द्यायचं होतं, पण तेवढा दम नव्हता. ती भिंतीवर बोटांनी टकटक करायची.

वीज आल्यावर ते घरी परतले. कापडं सोडली तेव्हा झावळ्या हिरव्यागार होत्या. मनोहररावांना क्षणभर वाटलं, वाचली. गटावरच्या लोकांनी सांगितलं, थांबा, रंग आठवड्याने कळेल. आठवड्याने चारही झाडं गवताच्या रंगाची झाली. पिंडोच्या मधला कोंब त्यांनी दोन बोटांत धरून हलकेच ओढला. तो सरकन निघून हातात आला, खालून सडलेला, घाण वास मारणारा. पामाला एकच कोंब असतो. तो गेला की बाजूने फुटायची सोय नाही.

तरी गटावरचे म्हणत होते, जूनपर्यंत कापू नका. कधी कधी आतून नवीन येतं. मनोहररावांनी कोंबांत औषध ओतलं. उंच पामाच्या शेंड्यापर्यंत त्यांचा हात पोचतच नव्हता. रोज सकाळी ते चहाचा कप घेऊन खाली उभे राहत आणि मान वर करून बघत.

त्या थंडीनंतर सुवर्णा सावरली नाही. मशीनचा काटा वर वर सरकवावा लागला. फुप्फुस बदलता येईल का, याची तपासणी झाली, आणि एप्रिलमध्ये डॉक्टरांनी मनोहररावांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं की तेवढं ऑपरेशन सोसण्यासारखी प्रकृती उरलेली नाही. सुवर्णा तेव्हा झोपली होती. मनोहररावांनी लॅपटॉप मिटला आणि परसात गेले.

संध्याकाळी तिने विचारलं, "काय म्हणाले?"

"अजून रिपोर्ट यायचेत. जूनपर्यंत कळेल."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "हे तुम्ही माझं सांगून राहिले, की झाडाचं?"

मनोहररावांनी उशी नीट केली, पाण्याचा ग्लास जवळ सरकवला, पंख्याचं बटण उगीचच बंद करून पुन्हा लावलं. सांगणं त्यांच्याने झालं नाही. शेवटी ऑफिसचा लॅपटॉप घेऊन शिकागोहून मुक्कामाला आलेल्या अनयानेच ते सांगितलं, इंग्रजीत, आईचा हात धरून. मनोहरराव स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून ऐकत होते. सुवर्णाने दोन-तीन प्रश्न विचारले, शाळेत विचारायची तसे, मुद्द्याचे. मग म्हणाली, "बाबांना आत बोलाव. रागावले नाही म्हणावं."

ते आत आले आणि पलंगाच्या कडेला बसले.

"मला वाटलं, तू..." ते म्हणाले आणि थांबले.

"माहीत आहे मला. मी काय वर्गातलं पोर आहे का, माझ्यापासून निकाल लपवायला?" श्वास जमवून ती पुढे म्हणाली, "तुम्ही रोज सकाळी त्या झाडाखाली जाता. अर्धा अर्धा तास. त्यापेक्षा इथं बसत जा."

दुसऱ्या दिवसापासून ते चहाचा कप घेऊन तिच्या खोलीत बसू लागले. बोलणं फार व्हायचं नाही, तिला दम लागे. ती पोरांच्या जुन्या खोड्या सांगायची, अर्ध्यावर सोडून द्यायची, आणि त्यांनी पुढचं ओळखायचं.

जूनमध्ये दोन्ही विंडमिल पामांच्या मधून हिरवी टोकं वर आली. अनयाने फोटो काढून आईला दाखवला. "हे बुटके चिवट निघाले," सुवर्णा म्हणाली. पिंडो आणि उंच पाम गेले ते गेलेच. वाळलेल्या झावळ्या वाऱ्याने छपरावर पडू लागल्या, तशी मनोहररावांनी झाड कापणारी माणसं बोलावली. करवतीचा आवाज सुरू झाला तेव्हा त्यांनी सुवर्णाच्या खोलीचं दार लावून घेतलं. ती म्हणाली उघडा, मला बघायचंय. खोडाचे गोल तुकडे करून माणसांनी ट्रकमध्ये टाकले. काचेतून आता पलीकडच्या गल्लीतली घरं दिसू लागली. खोलीत एकदम जास्त ऊन आलं आणि तिच्या डोळ्यांना त्रास होतो म्हणून अनयाने पडदा ओढला.

ऑक्टोबरात, दसऱ्यानंतर थोड्या दिवसांनी, सुवर्णा गेली, घरीच. नर्स येऊन औषधाचा डोस वाढवून गेली होती, म्हणून शेवटी तिची घुसमट झाली नाही. सगळे मनोहररावांना तेवढंच समजावून सांगत होते. नागपूरहून तिचा भाऊ सुमंत स्क्रीनवर होता. त्याला येता आलं नाही.

ऑक्सिजन कंपनीचा माणूस मशीन घेऊन गेला, तेव्हा मनोहरराव सह्या करून दारातच उभे राहिले. घर फार शांत झालं होतं. अनया आणखी महिनाभर राहिली. तिने आईचे कपडे आवरले, फ्रीज भरला, औषधांच्या डब्या फेकल्या. जायच्या आदल्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "बाबा, कम लिव्ह विथ मी. शिकागोमध्ये. प्लीज."

मनोहरराव भात कालवत राहिले.

"तिकडे थंडी फार," ते म्हणाले.

अनयाने त्यांच्या ताटात आणखी थोडं वरण वाढलं आणि दोघं खाली मान घालून जेवू लागले.