पळणं रक्तात नव्हतं

अमेरिकेत, टेक्सासमधल्या फ्रिस्कोतल्या एका शाळेचा हॉल. आमच्या मराठी मंडळाचा गणपती. स्टेजवर माझा मुलगा, गळ्यात हार. त्याच उन्हाळ्यात त्याला एका व्यावसायिक बेसबॉल संघाने घेतलं होतं. शेजारी मी. माईक अध्यक्ष अविनाशरावांच्या हातात.

"पळणं यांच्या रक्तातच आहे हो," ते म्हणाले. "आमच्या गावात कुणी गेलं, की मयताचा सांगावा घेऊन यांचीच माणसं पळायची. आता अमेरिकेत पळतात, एवढाच फरक."

हॉल हसला. सगळा नाही. पुरेसा.

त्यांना कळलं कसं? काही दिवसांपूर्वी अभिनंदन करताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला होता. खांद्यापासून कमरेपर्यंत, सावकाश. बोटं जानवं शोधत होती. ते नव्हतंच. आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरूनही काही कळेना. मग गाव विचारलं. मग, "घर गावात कुठल्या बाजूला?" मी सांगितलं, "बौद्धवाड्यात." ते म्हणाले, "असं होय. छान छान."

मुलगा इथेच जन्मला. त्याचं मराठी जेवणाच्या टेबलापुरतं. त्याने हळूच विचारलं, "बाबा, काका काय म्हणाले? आय डिडन्ट गेट इट."

मी म्हणालो, "तू खूप फास्ट आहेस, असं म्हणतायत."

तो खूश झाला. वाकून अविनाशरावांच्या पाया पडला. मोठ्यांच्या पाया पडायचं, हे त्याला मीच शिकवलेलं.

मी गप्प का बसलो? मला त्या हॉलमधून बाहेर पडायचं नव्हतं. रविवारी मराठी बोलायला माणसं हवी होती. एवढ्यासाठी मुलाला त्या पायांवर वाकू दिलं.

माझा आजा खरंच पळायचा. अनवाणी, भर उन्हात, दुसऱ्या गावच्या वेशीपर्यंत. तिथे बाहेर उभं राहून ओरडून सांगायचा, अमका गेला. रक्तात होतं म्हणून नाही. नाही म्हटलं तर मार पडायचा म्हणून.

आणि माझ्या मुलाचं पळणंही रक्तात नव्हतं. लहानपणी चेंडू डोक्यावरून जाणार असला, तरी तो आधी एक पाऊल पुढे टाकायचा. मैदानाच्या लांबच्या टोकाला उंच चेंडू झेलणाऱ्या आउटफिल्डरला ते पाऊल महागात पडतं. ऑफिसातून आलो की मी पार्कमध्ये बॅटने उंच चेंडू मारायचो आणि तो मागे वळून धावायचा. डोळ्यांनी बघण्याआधी बॅटच्या आवाजावरून चेंडू कुठे पडणार हे त्याला कळू लागेपर्यंत. बेस चोरायला, म्हणजे चेंडू फेकला जात असतानाच पुढचा बेस गाठायला, तो चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या टाचेवर नजर ठेवायचा. टाच हलली की हा सुटला. लोकांना पाय दिसायचे. ती नजर कमवायला त्याची शाळेची सगळी वर्षं गेली.

पुढे मायनर लीग, मोठ्या लीगच्या खालची पायरी. छोट्या गावांची मैदानं, बसमध्ये बसून काढलेला प्रवास, पीनट बटर लावलेला ब्रेड. कोचने दोनदा खालच्या संघात पाठवलं, दोनदा परत वर आला. अखेर मोठ्या लीगमध्ये सेंटर फील्डला, आउटफिल्डच्या मधोमध, उभा राहिला. एकच मोसम. मग एका उंच चेंडूमागे धावत भिंतीवर आदळला. चेंडू ग्लोव्हमध्ये राहिला, गुडघा गेला. आता तो मुलांना शिकवतो. जिने उतरताना कठडा धरतो.

यंदा मंडळाने त्याला पुन्हा बोलावलंय. मोठा सत्कार, अविनाशरावांच्या हस्ते. वय झालंय त्यांचं, पण माईक सोडत नाहीत. मुलाने फोनवर विचारलं, "बाबा, जायचं ना?"

मग मी सांगितलं. ते वाक्य, जसंच्या तसं, इंग्लिशमध्ये. पाठीवरच्या हाताचंही सांगितलं.

तो म्हणाला, "आणि तुम्ही मला त्यांच्या पाया पडू दिलंत."

प्रश्न नव्हता तो. मी म्हणालो, "हो."

"मी येतो," तो म्हणाला. "सत्कारासाठी नाही."

मंडळाने स्मरणिकेसाठी वडिलांचं मनोगत मागितलं होतं. ते हे. कापू नका. कापलंत तर स्टेजवर वाचीन.

अविनाशराव, मला तुमची माफी नको. माफी मागून तुम्ही सत्काराच्या दिवशी पुन्हा मोठे व्हाल आणि हॉल टाळ्या वाजवेल. तुमची नातवंडं पहिल्या रांगेत बसतात. त्यांना मराठी कळत नाही. तुम्ही काय म्हणाला होतात, ते मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगणार आहे. सांगावा म्हणजे काय, तो कोण नेत असे, कुणाच्या भीतीने नेत असे, तेही सांगणार आहे. तुम्ही समोर बसलेले असाल. माझा मुलगा माझ्या शेजारी उभा असेल. तो वाकणार नाही.