ओळख नसलेला साक्षीदार

आमच्या गावात खोटं बोलणाऱ्याला कुणी फारशी नावं ठेवत नाही. त्याची सवय झालेली असते. ऐकताना मनातल्या मनात चाळून घ्यायचं, की झालं. गावाला जड जातो तो खरं बोलणारा. असा एकच नग आमच्याकडं आहे, आणि एकच आहे म्हणून गाव अजून नांदतंय. नाथाजी हवालदार.

फौजेतून परत आला तेव्हा मिशा अशा, की वळणावर आधी मिशा दिसायच्या आणि मग नाथाजी. आल्या आल्या तालुक्याच्या नोंदणी कचेरीबाहेर एका दस्त लिहिणाऱ्याच्या टेबलाशी बसू लागला. काम सोपं. जमिनीचा दस्त व्हायचा तर दोन माणसं लागतात, जी सही करून सांगतात की दस्त करून देणाऱ्याला आम्ही व्यक्तिशः ओळखतो. आता अंगठ्याचं यंत्र आलं, फोटो आला, तरी ही दोन माणसं आहेतच. पण खरीखुरी ओळख असलेली माणसं शोधत कोण बसतो? दाराशी उभा असेल त्याला हाक मारायची, सही घ्यायची, चहा पाजायचा. नाथाजीनं असा चहा वर्ष-दीड वर्ष प्यायला. मीही त्याच्याबरोबर दोन-चारदा प्यालोय, खोटं कशाला बोलू.

एकदा दोघं भाऊ आपल्या बहिणीला घेऊन आले. बहीण बापाच्या रानातला आपला हक्क सोडून देत होती. बाईचा पदर हनुवटीपर्यंत. नाथाजीनं सही ठोकली आणि चहाला गेला. महिन्याभरानं त्याच्या वस्तीवर एक अनोळखी बाई आली. ना आरडाओरडा, ना शिव्या. जोत्यावर बसली, तांब्याभर पाणी प्याली आणि म्हणाली, "मला वळखता का तुमी?"

"न्हाई, बाई."

"मी धोंडुबाई. मग त्या दिवशी कुणाला वळखलासा?"

भावांनी भलतीच बाई उभी केली होती. नाथाजी उठला, वकिलाकडं गेला, स्वतःच्याच सहीविरुद्ध जबानी दिली. सहा वर्षं तारखांना हेलपाटे घातले, तेव्हा धोंडुबाईचं रान तिला परत मिळालं. मिशा मात्र त्या सहा वर्षांत निम्म्या झाल्या. तेव्हापासून कुणाची ओळख द्यायची म्हणजे हा गडी आधी त्याच्या घरी जातो. उंबऱ्यात बसतो, शेजाऱ्यापाजाऱ्याला विचारतो, घरचं कुत्रं त्या माणसावर भुंकतं का बघतो. मग सही. दस्त लिहिणारे त्याला बघून खुर्ची फिरवून बसायला लागले.

हे खूळ कचेरीपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण एकदा पारावर विषय देवावर गेला. विषय मीच नेला होता. मला दुसरा धंदा काय?

"हवालदार, देव हाय का न्हाई, एकदा सांगून टाका."

"म्हाईत न्हाई. आमची गाठ न्हाई."

"म्हंजे न्हाईच म्हणा की!"

"गाठ न्हाई म्हणलं. तुझ्या मेव्हण्याची बी माझी गाठ न्हाई. म्हणून त्यो न्हाई व्हय रं?"

पार हसला. माझ्या मेव्हण्याला मध्ये आणायची काही गरज नव्हती, पण ते असो. त्या दिवशी एक माणूस हसला नाही. त्यानं नुसतं ऐकून ठेवलं. तो कोंडीबा.

कोंडीबाचं रान नाथाजीच्या रानाला लागून. कपाळ कायम पिवळं. भंडारा लावल्याशिवाय हा माणूस दात घासायलासुद्धा बाहेर पडत नाही. बिरदेवाच्या जत्रेत ढोल वाजला की सगळ्यांच्या पुढं नाचणार. भला माणूस आहे हो. फक्त त्याचं रान दरवर्षी वीतभर वाढतं, आणि शेजाऱ्यांची रानं का कोण जाणे, तेवढीच आक्रसतात.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यानं नाथाजीची वाटच नांगरली. ही वाट कोंडीबाच्या बांधाकडेनं नाथाजीच्या वस्तीवर जाते. सरकारी नकाशात ती नाही. पण दोघांच्या बापांच्या काळापासून बैलगाड्या तिथनंच जात होत्या. कोंडीबानं तिच्यावर हळद लावली, ठिबकच्या नळ्या अंथरल्या आणि सांगितलं, "वाट कसली? आमचा बाप भोळा, म्हणून जाऊ देत हुता."

पावसाळाभर नाथाजी चिखल तुडवत ओढ्याकडून जात राहिला. पण थंडीत त्याचा दोन एकर ऊस तोडीला आला. कारखान्याच्या टोळीचा निरोप आला, मंगळवारी येतो. ओढ्याकडून माणूस जातो, ट्रॅक्टर जात नाही. टोळी एकदा पुढच्या गावाला गेली की पुन्हा कधी येईल ते कारखान्यालाही ठाऊक नसतं, आणि तोवर उसाला तुरे येऊन त्याची वैरण व्हायची. तहसीलदाराकडं अर्ज दिला होता, पण त्याची तारीख उन्हाळ्यातली.

तेव्हा कोंडीबा स्वतःच चारचौघांत म्हणाला, "कशाला तहसीलदार? आपला देव बसलाय की. ऐतवारी देवळात या. हवालदारांनी भंडारा उचलून सांगावं वाट हाय, मी त्याच दिवशी मोकळी करतो."

भंडारा उचलणं म्हणजे आमच्याकडं शेवटचा शब्द. देवापुढची हळद मुठीत घ्यायची आणि देवाला साक्षीला ठेवून बोलायचं. मग वाद उरत नाही. खोटा भंडारा उचलणाऱ्याच्या घरात दिवा राहत नाही म्हणतात. लोक म्हणाले, काय मोठं मन कोंडीबाचं! मला मात्र पारावरचं त्याचं ते न हसणं आठवलं. गड्यानं बरोबर हेरलं होतं. सगळ्या गावात भंडारा उचलणार नाही असा एकच माणूस होता, आणि नेमका तोच खरा होता.

रविवारी सकाळी देवळात ही गर्दी. पुजारी हरिबानं हळदीचं ताट पुढं केलं. "उचला, हवालदार. परवा टोळी येतीया."

नाथाजी हात मागं बांधून उभा. "वाट माझ्या बापापासनं हाय. कागद आण, सही करतो. खोटं निघालं तर बेड्या घाल. पर ह्ये उचलून मी म्हणायचं काय?"

"देव साक्षीला हाय म्हणायचं."

"माझी त्याची वळख न्हाई, हरिबा. ज्याला मी वळखत न्हाई, त्याचं नाव साक्षीदार म्हणून कसं लावू? तसली सही एकदा केलीया मी. पुन्यांदा न्हाई."

देवळात कुजबुज झाली. कोंडीबानं छातीवर हात ठेवला आणि खांबाकडं बघून म्हणाला, "ऐकलासा? देवाला न मानणाऱ्याला देवाच्या दारात न्याव पायजे!"

"न मानणारा म्हणलो न्हाई मी. न वळखणारा म्हणलो. कान दे की जरा."

मला राहवेना. मी मागून म्हटलं, "मग कोंडीबा, तूच उचल की! तुझी तर घसट हाय देवाशी. म्हण, वाट कवाच नव्हती."

"दावा त्येचा हाय," कोंडीबा झटकन म्हणाला. "मी का उचलू?" आणि पुन्हा खांबाकडं बघू लागला. खांब चांगला आहे आमच्या देवळाचा, पण एवढा बघण्यासारखा नाही.

हरिबा ताट खाली ठेवणार, तोच बायकांमधनं नाथाजीची बायको मनुबाई पुढं आली. "ठेवू नगा. मी उचलते."

"आवं, बाईमानसानं कुठं..." हरिबा चाचरला.

"देवानं सांगितलंय व्हय तसं? मला काय बोलला न्हाई त्यो." असं म्हणून तिनं ताटाला हात घातला.

आता तुम्ही म्हणाल, नवऱ्यानं सुटकेचा श्वास सोडला असेल. अहो, कसला! त्यानंच तिचा हात धरला. परवा ट्रॅक्टर येणार, ऊस उभा, सगळं गाव बघतंय, आणि हा बायकोची उलटतपासणी करतोय.

"थांब. तू वळखतीस त्याला?"

"वळखते."

"कवापासनं?"

"कारगिलच्या सालापासनं. दोन महिनं तुमचं पत्र न्हवतं. रोज सांजच्याला हितं येऊन बसायची."

"काय बोलला का त्यो?"

"न्हाई."

"दिसला?"

"न्हाई."

"मग वळख कशी? गप बसलेल्या मानसाची वळख कचेरीत धरत न्हाईत."

"मग तुमची बी धरायला नगं हुती. लग्न झाल्यावर तीन दिस तोंडातनं शबूद न्हवता." बायका फिसकन हसल्या. मनुबाई हसली नाही. "सव्वीस वर्सं येते मी हितं. तुमास्नी सांगत न्हाई ते हितं सांगते. रडले बी, भांडले बी. परक्याच्या घरात एवढं केलं असतं, तर त्यो एकदा तरी म्हणला असता, बाई, घर चुकलीस."

घंटेवर एक चिमणी येऊन बसली नि उडाली, तरी नाथाजी मनुबाईकडं बघतोच आहे. मग त्यानं तिचा हात सोडला आणि हरिबाला म्हणाला, "उचलू दे तिला. तिला मी वळखतो. पर माझी वळख न्हाई, ह्ये ध्येनात ठेवा समद्यांनी."

मनुबाईनं मूठभर हळद उचलली. "माझ्या लग्नाची बैलगाडी ह्याच वाटेनं आली. मामंजींनी बोट करून दावलं, पोरी, ही आपली वाट. खोटं असंल तर माझं डोळं जावं." आणि तिनं ती मूठ कोंडीबापुढं धरली.

उचललेला भंडारा समोरच्यानं कपाळाला लावून घेतला, की त्यानं ते मान्य केलं. पिवळ्या कपाळावर आणखी एक चिमूट, त्यात काय अवघड? पण कोंडीबाचा हात वर जायला एवढा वेळ लागला, की हरिबाच्या हातातलं ताट कलतं झालं. शेवटी त्यानं चिमूट घेतली, लावली आणि म्हणाला, "वाद न्हाई माझा." घाम आला होता त्याला, डिसेंबरात. देवाच्या भयानं की गावाच्या, ते त्याच्या सुनेलाही सांगता आलं नाही. मी विचारून पाहिलं.

परत जाताना मी नवराबायकोच्या मागं मागं चाललो. माझं घर दुसऱ्या बाजूला आहे, पण पाय मोकळे करायला काय हरकत? नाथाजी हळू आवाजात विचारत होता, "खरंच वळखतीस?"

मनुबाईनं हळदीचा हात पदराला पुसला. मग म्हणाली, "मूठ भरीपतोर ठावं न्हवतं."

"आँ?"

"मूठ भरली, आन् हात कापाय लागला. मोकळ्या देवळात कशाला कापंल हात?"

"म्हंजे आदी उचललास, आन् वळख मागनं पटली?" नाथाजी थांबलाच. "असं चालत न्हाई, मने."

"मग नका चालवू. मी उचलला, तुमी न्हवं." ती तशीच पुढं गेली.

नाथाजी तिथंच उभा. चेहरा असा, की ऊस वाचल्याचा आनंद करावा, की पुन्हा देवळात जाऊन सगळ्यांना हे सांगावं, याचा निकाल लागत नाही. एकदा तो खरोखर वळलासुद्धा. मी रस्त्यातून बाजूला झालो. अडवायचं माझ्या अंगात नव्हतं. पण माघारी जाऊन सांगणार तरी काय? वाट खरी होती. गाडी खरी होती. हात कापला, हेही खरंच असणार. मनुबाईला तो ओळखत होता.

वाटेवर कोंडीबा आमच्या आधी पोचला होता. एकटाच वाकून हळदीमधल्या नळ्या उपसत होता. मनुबाई पदर खोचून त्याच्या बाजूनं गेली. त्यानं मान वर केली नाही. नाथाजी जवळ गेला, खाली बसला आणि नळीचं दुसरं टोक धरून तिचं वेटोळं करायला लागला.

"पीळ पडतोय रं, सैल सोड," एवढंच तो म्हणाला.

कोंडीबानं सैल सोडली. ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघं नळ्या गुंडाळत राहिले. देवाचा विषय कुणीच काढला नाही, आणि मलाही तो काढावासा वाटला नाही.